कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

कळंबा म्हटले की बाहेरगावच्या माणसाला तुरुंग आठवतो आणि कोल्हापूरकराला तलाव. कात्यायनीच्या डोंगरातून उतरणारे पावसाचे पाणी संस्थानच्या काळात इथे अडवले गेले, मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यात आणले गेले आणि तिथून शहराला मिळू लागले. आज सुट्टीच्या संध्याकाळी लोक या तलावाच्या बांधावर फिरायला येतात. सूर्य पाण्याकडे झुकला की दहा जणांचे दहा मोबाईल एकदम वर होतात. बोट टेकवले की छायाचित्र तयार! ना फिल्म, ना अंधारी खोली, ना धुलाई.

याच कळंब्याचे पाणी पिणाऱ्या शहरात शंभर वर्षांपूर्वी एका चित्रकाराला हलते चित्र टिपायचे होते. त्यासाठी लागणारा कॅमेरा बाजारात जाऊन आणावा, अशी त्याची ऐपत नव्हती. मग त्याने तो घरीच घडवला. पितळ कापून, कानस फिरवून, दात्यात दाता बसवून. हा माणूस म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर. भारतात तयार झालेला पहिला चित्रपट कॅमेरा असा मान त्यांच्या त्या यंत्राला दिला जातो. मात्र त्या यंत्राची गोष्ट केवळ पहिलेपणाची नाही.

मेस्त्रींच्या घरातली विद्या

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. वडील कृष्णराव हे कसबी कारागीर होते. लाकूड, दगड, रंग अशा कोणत्याही माध्यमात त्यांचा हात चाले. त्या काळी अशा घरातल्या मुलाला कलाशाळेची वाट धरावी लागत नसे. घराची पडवी हीच शाळा आणि वडीलधाऱ्यांचा हात हाच गुरू. बाबूरावांचे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही, पण रंग, माती आणि हत्यारे यांच्याशी त्यांची मैत्री लहानपणीच जमली.

नात्याने भाऊ असलेले आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघेही चित्रे काढत, दोघांनाही यंत्रांचे वेड होते. आनंदरावांकडे पुढारपण होते, तर बाबूराव अबोल आणि आपल्या कामात बुडालेले. ते दिवस संगीत नाटकांच्या वैभवाचे होते. कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते आणि कुस्तीपासून गाण्यापर्यंत प्रत्येक विद्येला दरबारचा आधार होता. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसारख्या नाटक कंपन्यांना राजवाडे, उद्याने, अरण्ये दाखवणारे भव्य पडदे लागत. हे पडदे रंगवण्यात या भावांनी असे नाव मिळवले की मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक त्यांना पेंटर म्हणूनच ओळखू लागले.

रंगभूमीचा पडदा रंगवणे सोपे नाही. सपाट कापडावर खोली दाखवायची असते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही तो खांब गोल वाटला पाहिजे आणि ती वाट दूर गेलेली दिसली पाहिजे. जवळचे काय, लांबचे काय, उजेड कोणत्या बाजूने येतो याचा सतत विचार करावा लागतो. पुढे कॅमेऱ्यामागे उभे राहताना बाबूरावांना ही शिदोरी जन्मभर पुरली.

यंत्र उघडून पाहिले

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. आपल्या पुराणातली माणसे पडद्यावर चालताना पाहून महाराष्ट्र थक्क झाला. पेंटर बंधूंनीही तो चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळू लागला. आपण रंगवलेला पडदा स्थिर असतो. हा पडदा जिवंत आहे. मग हेच आपणही का करू नये?

प्रथम त्यांनी जुने यंत्र मिळवून चित्रपट दाखवण्याचा उद्योग केला. त्यातून पैसा फार मिळाला नाही, पण प्रोजेक्टरचे पोट उघडून पाहायला मिळाले, आणि तेच मोलाचे ठरले. प्रोजेक्टर आणि चित्रपट कॅमेरा ही एकाच घराण्यातली यंत्रे आहेत. दोन्हींत फिल्म सलग वाहत नाही. ती क्षणभर थांबते, पुढे सरकते, पुन्हा थांबते. एक यंत्र प्रकाश बाहेर फेकते, दुसरे तो आत घेते, एवढाच फरक.

हा फरक सांगायला सोपा, पण घडवायला महाकठीण. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या दोन्ही कडांना भोके असतात आणि प्रत्येक चित्राच्या वाट्याला एका बाजूची चार भोके येतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेतली जात. म्हणजे एका मिनिटात जवळजवळ हजार वेळा फिल्म थांबवायची आणि हजार वेळा पुढे ओढायची. ओढताना झडप बंद हवी आणि थांबताना उघडी. दात्याची चाल केसभर चुकली तर पडद्यावरचे चित्र थरथरते. पेटीला सुईएवढी फट राहिली तर आत उजेड शिरून सारी फिल्म काळी पडते. आणि हे सगळे चालवायचे हाताने दांडा फिरवून, सेकंदाला दोन फेरे या एकाच लयीत.

त्यात पहिल्या महायुद्धामुळे परदेशी माल मिळणे अवघड झालेले. भावांनी स्वतःच कॅमेरा बनवायचे ठरवले. काम सुरू झाले, पण १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. ज्याच्या बळावर हा डाव मांडला, तो जोडीदारच अर्ध्यावर गेला. दुसरा कोणी असता तर त्याने पुन्हा ब्रश हाती घेऊन नाटकांचे पडदे रंगवले असते. बाबूरावांनी हट्ट सोडला नाही. विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य यंत्रविद्येत विलक्षण हुशार. गुरुशिष्यांनी मिळून ते अर्धवट काम पुढे नेले आणि १९१८ साली कॅमेरा पुरा केला.

त्या कॅमेऱ्याची बढाई मारताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. कॅमेऱ्याला लागणारी भिंग आणि कच्ची फिल्म आपल्याकडे तेव्हा तयार होत नव्हती. त्यासाठी परदेशाकडेच पाहावे लागे. कोल्हापुरात घडले ते भिंगाच्या मागचे यंत्र. परंतु चित्र हलते ते त्या यंत्रामुळेच, आणि ते बनवण्यासाठी या मंडळींनी कोणत्याही कारखान्यात उमेदवारी केली नव्हती. वडिलांकडून आलेला हात आणि उघडून पाहिलेले एक जुने यंत्र, एवढेच त्यांचे भांडवल.

वेट्झलारचा दुसरा कारागीर

गंमत अशी की, याच ३५ मिलिमीटरच्या फिल्मने त्याच वर्षांत युरोपात आणखी एका कारागिराला झपाटले होते. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्स नावाचा सूक्ष्मदर्शके बनवणारा कारखाना होता. तिथे ऑस्कर बार्नाक हे यंत्रज्ञ कामाला होते. त्यांना दम्याचा विकार होता आणि काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे जमत नसे. त्यांनी चित्रपटाची फिल्म आडवी धरली, चार भोकांऐवजी आठ भोकांचे चित्र घेतले आणि १९१४ च्या सुमारास कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा केला. महायुद्धामुळे तो मागे पडला आणि १९२५ साली लाइप्झिगच्या जत्रेत ‘लायका’ या नावाने लोकांसमोर आला.

या कॅमेऱ्याची एक अडचण होती. भिंगातून काय दिसते ते छायाचित्रकाराला दिसत नसे. तो शेजारच्या छोट्या खिडकीतून पाही. मग समोरचा माणूस नेमका किती अंतरावर आहे, हे कळायचे कसे? अंतर चुकले तर चेहरा धूसर. त्यावरचा उपाय म्हणजे रेंजफाइंडर. कॅमेऱ्याच्या माथ्यावर थोड्या अंतराने दोन खिडक्या ठेवायच्या. आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे त्या एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून पाहतात, त्यामुळे डोळा लावला की वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. कडे फिरवत जायचे. दोन प्रतिमा एकमेकींत मिसळून एक झाल्या की अंतर बरोबर जुळले! सुरुवातीला हे उपकरण वेगळे, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचे असे. १९३२ साली लायकाच्या दुसऱ्या अवतारात ते भिंगाशी जोडले गेले. त्याच वर्षी त्साइस इकॉनचा ‘कॉन्टॅक्स’ही स्पर्धेत उतरला. पुढे सोव्हिएत संघात ‘फेड’ आणि ‘झोर्की’, जपानात ‘कॅनन’ आणि ‘निकॉन’ अशी या वंशाची शाखा वाढत गेली. १९५९ साली निकॉनचा ‘एफ’ आला. आरशातून थेट भिंगामागचे चित्र दाखवणारे असे कॅमेरे रुळले, तेव्हा रेंजफाइंडर हळूहळू मागे सरला. आज जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन तो जिवापाड जपतात.

कोल्हापूरच्या कॅमेऱ्याला असले कोणतेच उपकरण नव्हते. त्या काळच्या चित्रपटात अंतर फितीने मोजले जाई, नट कुठे उभा राहणार तिथे खूण केली जाई. दृश्य कसे उमटले हे फिल्म धुतल्यावरच कळे. म्हणजे दांडा फिरवण्यापूर्वी पूर्ण चित्र मनात तयार असायला हवे. अनेकांना हीच गोष्ट जड जाई. बाबूरावांना ती जड गेली नाही, कारण कोऱ्या कापडासमोर उभे राहून आधी मनात चित्र पाहण्याचा त्यांचा धंदाच होता.

‘सैरंध्री’ आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी

कॅमेरा तयार झाला, पण चित्रपट काढायला पैसा हवा. तो दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. एका कलावंत स्त्रीने एका धडपड्या चित्रकारावर विश्वास टाकला, ही बाब आजही लक्षात ठेवण्यासारखी. शाहू महाराजांचेही साहाय्य मिळाले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

नट नटी मिळवणे ही पुढची परीक्षा. स्त्रियांनी चित्रपटात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. फाळके यांना तारामतीची भूमिका पुरुषाकडून करून घ्यावी लागली होती. बाबूरावांनी मात्र स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच कराव्यात हे धरून ठेवले. गुलाबबाई आणि अनुसयाबाई या दोघी पुढे आल्या. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. भीमाचे काम बाळासाहेब यादव यांनी केले, तर कीचकाचे झुंजारराव पवार यांनी.

७ फेब्रुवारी १९२० रोजी ‘सैरंध्री’ पुण्याच्या आर्यन थिएटरात प्रदर्शित झाला. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब साधले होते की प्रेक्षकांत किंकाळ्या उठल्या. पुढे सेन्सॉरने ते दृश्य काढायला लावले. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ हा किताब दिला. स्वदेशीचा मंत्र देणाऱ्या पुढाऱ्याला स्वदेशी कॅमेऱ्याचे कौतुक वाटावे यात नवल नाही. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले.

चित्रकाराचा डोळा

यानंतरचे दशक कोल्हापूरचे होते. बाबूराव प्रत्येक प्रसंगाची रेखाटने आधी काढत. पोशाख, दागिने, शस्त्रे, वाड्याचा चौक, सारे कागदावर उतरे आणि मग उभे राही. ज्या हातांनी आयुष्यभर रंगीत पडदे केले, त्याच हातांनी चित्रपटातून ते पडदे हद्दपार केले आणि त्यांच्या जागी भरीव देखावे आणले. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. तो पडद्यावर काळा उमटे. त्यामुळे रंगीत जग काळ्यापांढऱ्यात कसे उतरेल याचे गणित डोक्यात ठेवूनच सारे मांडावे लागे.

१९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. तोवर आपल्याकडे चित्रपट म्हणजे सूर्याच्या उजेडात करायचे काम होते. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ला लंडनजवळच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळाले. या चित्रपटांची जाहिरात पोस्टरेही ते स्वतः रंगवत. ‘कल्याण खजिना’चे पोस्टर हे भारतीय चित्रपटांच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र पोस्टरांपैकी एक आहे.

मग आला १९२५ चा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. एक गरीब शेतकरी आहे, त्याला लुबाडणारा सावकार आहे. जमीन जाते आणि तो शहरात गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. काळोखातली झोपडी आणि तिच्याबाहेर रडणारे कुत्रे, एवढ्यावर बाबूरावांनी त्या घराचे दैन्य उभे केले. पुराणकथांची सवय झालेल्या प्रेक्षकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवली. पुढे मात्र भारतीय वास्तवदर्शी चित्रपटाची सुरुवात म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले.

शिष्य गेले, विद्या पसरली

लायकाच्या मागे लाइट्सचा कारखाना उभा होता. नमुना पसंत पडताच त्याच्या हजारो प्रती निघाल्या. बाबूरावांच्या कॅमेऱ्याच्या मागे कारखाना नव्हता, आणि त्यांना कॅमेरे विकायचेही नव्हते. चित्रपट काढण्यासाठी हत्यार हवे होते, ते त्यांनी केले. त्या यंत्राच्या प्रती बाजारात आल्या नाहीत, आणि कोल्हापूर हे कॅमेऱ्यांचे गाव झाले नाही. याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे.

पण कंपनीत येणाऱ्या पोरांकडे पाहिले की निराळे चित्र दिसते. महाराष्ट्र फिल्म कंपनीत कामाची वाटणी कडक नव्हती. आज नट असलेला उद्या सुतारकाम करी, परवा फिल्म धुई, तेरवा दांडा फिरवी. पेणचे दामले आणि कागलचे फत्तेलाल, ज्यांना सारे साहेबमामा म्हणत, चित्रकलेतून इथे आले. शांताराम १९२० साली पोरवयात आले. ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायक झालेले मास्टर विठ्ठल हेही याच कंपनीतून पुढे गेले.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. गुरूच्या दृष्टीने हा घाव मोठा होता. ज्याने मृत भावाची जागा घेऊन कॅमेरा पुरा करायला हात दिला, तो दामलेच निघून गेला. मात्र शिष्यांच्याही मनात नव्या वाटा होत्या. ‘लंका’ या १९३० च्या चित्रपटानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही. प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला, १९३३ साली ती पुण्याला गेली, आणि दामले फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ज्या हातांनी कोल्हापुरात कानस चालवली, त्यांचेच हे यश. यंत्राच्या प्रती निघाल्या नाहीत. यंत्र उमगलेली माणसे निघाली.

बोलपटाच्या युगात बाबूराव काहीसे मागे राहिले. ‘उषा’, ‘प्रतिभा’ आणि १९३६ मध्ये पुन्हा बोलपट म्हणून केलेला ‘सावकारी पाश’ ही त्या काळातली कामे. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनात त्यांच्याबरोबर त्यांचा एकेकाळचा शिष्य शांताराम यांचेही नाव लागले. १९५२ चा ‘विश्वामित्र’ हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. या साऱ्या वर्षांत चित्रे आणि शिल्पे चालूच होती.

काय उरले?

१६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले. योगायोग पाहा, वेट्झलारचे बार्नाक १९३६ साली गेले तेही १६ जानेवारीलाच. बाबूराव गेले त्याच १९५४ साली लायकाचा ‘एम थ्री’ बाजारात आला. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांतला हा शिरोमणी मानला जातो. त्या काळची यंत्रे आजही संग्राहकांच्या हाती नीट चालतात आणि वेट्झलारला पहिला नमुना प्राणापलीकडे जपला गेला आहे.

आपण काय जपले? मूकपटांची फिल्म नायट्रेटची असे, कापरासारखी पेट घेणारी आणि नीट न ठेवल्यास आपोआप कुजणारी. बाबूरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक सारे नाहीसे झाले आहेत. मोजकेच तुकडे शिल्लक आहेत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज कोणालाच पाहता येत नाही. जे चित्र टिपण्यासाठी एका माणसाने कॅमेरा घडवला, तेच आपल्या हातून निसटले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून मानस्तंभ उभा आहे. रहदारीच्या गर्दीत तो चटकन नजरेत भरत नाही, पण मुलाबाळांना घेऊन एकदा तिथे थांबावे.

थांबून त्यांना काय सांगावे? बाबूराव मोठे चित्रकार होते, दिग्दर्शक होते, हे तर सांगावेच. पण त्याहून आधी हे सांगावे की, त्यांना एक वस्तू हवी होती आणि ती मिळत नव्हती. त्यांनी जुने यंत्र उघडले, ते कसे चालते हे समजून घेतले आणि स्वतःच्या हाताने दुसरे केले. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवर काम करणाऱ्या पोराला ही गोष्ट पुस्तकापेक्षा लवकर कळेल. हाती मोबाईल असलेल्या आपल्या मुलांनाही ती कळायला हवी. मोबाईलचे पोट उघडून पाहणे आज सोपे नाही, हे खरे. पण एखादी गोष्ट कशी चालते, हा प्रश्न विचारायला तर कोणतेच हत्यार लागत नाही.